अनोळखी स्त्री, वय अंदाजे पासष्ट

४ सप्टेंबर

ताईस,

तुझं पाकीट मिळालं. त्यावरचं तुझं अक्षर बघून आधी आनंदच झाला. फेब्रुवारीत आईला न्यायला आलीस तेव्हासुद्धा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. जे काय विचारायचं ते भावोजींना विचारत होतीस, आणि ते बिचारे मधे उभे राहून माझंच बोलणं तुला परत सांगत होते, जशी काही मी दुसऱ्याच भाषेत बोलत होते.

मग आतला रुग्णालयाचा कागद उलगडला. आईच्या चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली चौघडी घालून ठेवलेला सापडला, असं लिहितेस. "अनोळखी स्त्री, वय अंदाजे पासष्ट." आणि खाली तुझा प्रश्न, हे काय आहे?

अगं, काही नाही. तिथल्या कारकुनाची चूक आहे. त्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात कोसळली, ओट्याची कड लागून कपाळ फुटलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं, हे तुला माहीतच आहे. जवळचं रुग्णालय गाठलं, तिला आत नेलं आणि मी पैशांच्या धावपळीत होते. तेवढ्या वेळात काउंटरवरच्यानं विचारपूस न करता अनोळखी लिहून टाकलं. पुढे दुरुस्त केलं, पण कागद तोच राहिला. मी स्वतः बारा वर्षं बिलाच्या काउंटरवर बसते आहे, असल्या चुका पैशाला पासरी होतात. बिल मी भरलं आहे. त्याची काळजी नको.

दुसरं तू लिहितेस ते फोटोंचं. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज फोटो दाखवतात, तुझ्या फोटोला आई "ताई" म्हणते, भावोजींचा बघून हसते, दूधवाल्याला ओळखते, शेजारचं मांजरसुद्धा ओळखते. माझा फोटो आला की मान हलवते. कोण ही, म्हणून विचारलं तर "बाई" म्हणते. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. या दुखण्यात एखादा कप्पा कायमचा बंद होतो, असं आमच्याकडचे डॉक्टरही सांगतात. माझा कप्पा बंद झाला. बारा वर्षं तिचं मीच केलं, तेव्हा तोच कप्पा जास्त वापरून झिजला असेल.

पैसे पाठवायचे म्हणतेस. नकोत. माझं भागतं.

तुझी धाकटी


१६ सप्टेंबर

ताई,

या वेळी तू काहीच लिहिलं नाहीस. त्याच कागदाची झेरॉक्स काढलीस, एका ओळीखाली लाल रेघ मारलीस आणि पाठवून दिलीस. लहानपणी माझ्या गणिताच्या वहीत अशाच रेघा मारायचीस. उत्तर सांगायची नाहीस, नुसती रेघ.

"पेनिसिलीन देऊ नये. आणणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून."

तीन दिवस तो कागद माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. आईला ते औषध चालत नाही, हे जगात आपल्या दोघींनाच माहीत. मी सात वर्षांची होते, तू बारा. इंजेक्शन दिल्यावर आईचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता, आणि तू अनवाणी डॉक्टरला बोलवायला धावली होतीस. मी दारात बसून रडत होते. तेव्हा रस्त्यातून उचलून आणणाऱ्या कुठल्या बाईला हे माहीत असणार? तू रेघ बरोबर मारलीस. ती बाई मीच.

थांब, पुढचं पान फाडू नकोस. मला हे क्रमानं सांगू दे, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी लपेन. तू फोन उचलत नाहीस ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर मला खोटं फार पटकन सुचतं.

आमच्या काउंटरवर काच आहे, काचेला खाली एक भोक आहे. त्या भोकातून मी दिवसातून तीसेक वेळा एकच वाक्य म्हणते: "आधी आगाऊ रक्कम भरा, मग फाइल वर जाईल." माणसं हात जोडतात, अंगठ्या काढून देतात, शिव्या देतात. मी वाक्य बदलत नाही. बदललं तर ती रक्कम माझ्या पगारातून जाते.

पण एक सूट आहे, सगळ्याच रुग्णालयांत. रस्त्यात सापडलेला माणूस, ज्याचं कुणी नाही, त्याला पैसे न मागता दाखल करायचं. आणि जो त्याला घेऊन आला, त्याला अडवायचं नाही, त्याच्याकडे काही मागायचं नाही. नियम चांगला आहे. म्हणूनच काही लोक आपल्याच माणसाला अनोळखी म्हणून आणतात. आणि त्यांना पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तिकडे सगळे मला घार म्हणतात. आईला गंमत वाटायची. "घरी घुबड, कामावर घार. माझ्या पोटी पक्षीच जन्मला," म्हणायची. घुबड तर मी जन्मापासूनच, रात्र रात्र डोळे टक्क उघडे ठेवायचे म्हणून.

मी कशी पकडायचे सांगू? चपलांवरून. परका माणूस माणसाला उचलून आणतो, चपला आणत नाही. चपला घरचेच आणतात. त्यांच्या लक्षातही नसतं की त्या हातात आहेत.

दोन वर्षांपूर्वी एक गवंडी आला होता, हाताला चुना लागलेला. सांगत होता, ही बाई बाजारात पडलेली दिसली, मी ओळखत नाही. त्याच्या काखेत बायकी चपलांचा जोड होता, एका चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. मी काचेतून मोठ्यानं विचारलं, "काका, मग या चपला काय तुमच्या मापाच्या आहेत?" अख्खी रांग हसली. मीही हसले. त्यानं चपलांकडे पाहिलं, मग नवरा म्हणून सही केली. पुढे महिनाभर तो मळक्या नोटा घेऊन येत राहिला. त्याची बायको वाचली की नाही, मी विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारायची पद्धत नाही.

त्या दिवशी रिक्षातून आईला उतरवताना मी आधी तिच्या चपला काढल्या.

त्या दुसऱ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर एक बाक आहे, त्याच्याखाली सरकवल्या. स्वेटरच्या खिशातलं ओळखपत्र काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. मग स्ट्रेचर मागवलं. काउंटरवरच्या मुलीनं वय विचारलं तर म्हटलं, असेल साठ-पासष्ट. तिला अडुसष्ट पूर्ण झाली होती, आदल्याच आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून एक केक संपवला होता. नातं विचारलं तर म्हटलं, कोण जाणे कोण आहे, रस्त्याच्या कडेला पडली होती.

आज एवढंच लिहवतं आहे.

धाकटी


१७ सप्टेंबर

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि परत काढता येईल का म्हणून पेटीच्या तोंडात हात घालून पाहिला. पोस्टमननं हटकलं. त्यामुळे आता उरलेलंही सांगणं भाग आहे.

तू विचारशील, माझ्याकडे पैसे का नाही मागितलेस? तोच तर सगळा घोळ आहे. तू दर महिन्याला आईसाठी पाठवायचीस ते मी परत केले होते. वर लिहिलं होतं, "माझी आई सांभाळायला मी समर्थ आहे, तुझ्या दानाची गरज नाही." त्यावरून आपलं बोलणं तुटलं. त्या सकाळी रिक्षात आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझी ओढणी तिच्या कपाळावर दाबून धरली होती, आणि दुसऱ्या हातात फोन होता. त्यावर तुझा नंबर काढलेला होता. मी तो लावला नाही. आगाऊ रक्कम माझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढी असणार, हे मला आकडा न विचारता ठाऊक होतं. तू पाच मिनिटांत पाठवली असतीस, हेही ठाऊक होतं. पण मग तू जिंकली असतीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, माझा सुंभ माझ्या मांडीवर जळत होता.

माझ्या रुग्णालयात का नेलं नाही? तिथे सगळे ओळखतात. घारीकडेच पैसे नाहीत, हे त्यांना दिसलं असतं.

आत नेल्यावर टाके घालायला घेतले. एक वयस्क नर्स ट्रे घेऊन आली, सिरिंज भरत होती. मी विचारलं, कसलं आहे? ती म्हणाली, जखमेसाठी, पेनिसिलीन. ताई, मी लगेच बोलले नाही. बोलले तर उघडी पडणार, हे आधी मनात आलं. सुई हातापर्यंत आली तेव्हा मी ओरडले, "ते नको, तिला चालत नाही!"

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"त्याच सांगत होत्या, येताना."

"यांना तर बोलताच येत नाहीये, बाई."

मी खाली बघत राहिले. आईचे पाय उघडे होते, टाचांना रिक्षातली धूळ लागली होती. नर्सनंही ते पाय पाहिले. मग तिनं सिरिंज बाजूला ठेवली, पेन काढलं आणि ती ओळ लिहिली, जिच्याखाली तू रेघ मारलीस. "आणणाऱ्या बाई" तिनं मुद्दाम लिहिलं. तिला सगळं कळलं होतं आणि तिनं मला सोडून दिलं. मी त्या गवंड्याला सोडलं नव्हतं.

नंतर बाहेर जाऊन पाहिलं तर बाकाखाली चपला नव्हत्या. कुणीतरी नेल्या होत्या.

पाच दिवस मी रोज जात होते, परकी बाई म्हणून. वॉर्डातल्या सगळ्या माझं कौतुक करायच्या. "कोण कुठली म्हातारी, आणि या रोज येतात, आजकाल असं कोण करतं?" शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला सफरचंद कापून दिलं. ते मी खाल्लं, ताई. सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी आईला थोडी शुद्ध आली तेव्हा एका नर्सनं तिला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, या कोण? ओळखता का?" आईनं माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आणि मान हलवली. नाही.

मला हायसं वाटलं.

सहाव्या दिवशी तिला निराधारांच्या आश्रमात पाठवायचं ठरलं. मी म्हटलं, कुणी नातेवाईक येईपर्यंत मी सांभाळते. तिथल्या समाजसेविकेचे डोळे भरून आले. मी स्वतःचं खरं नाव लिहिलं, खोट्या नात्याखाली सही केली आणि आपल्या आईला घरी आणलं. तिथून मिळालेला कागद तिच्या उशाशी ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी सापडेना. घरी ती माझ्या हातून जेवायची, पण मला हाकसुद्धा मारायची नाही, बोलता येत नव्हतं म्हणून असेल असं मी मनाला सांगत होते. मग शेजारीण आली. "लेकीला ओळखलंत ना?" म्हणाली. आईनं पुन्हा मान हलवली. मी हसून चहा टाकायला आत गेले आणि तिथेच ओट्याला धरून बसले. आठ दिवसांनी भावोजींना फोन करून म्हटलं, मला झेपत नाही, घेऊन जा. तू दारात उभी राहिलीस आणि आईनं तुझा हात असा धरला की बोटं पांढरी पडली. तेव्हा माझी खात्री झाली. ती आजारामुळे मला विसरलेली नाही, तिनं मला टाकलं आहे. आणि ते योग्यच आहे, असंच मी आजवर समजत होते.

आत्ता वरची ओळ लिहिली आणि रिक्षातलं आठवलं.

रिक्षात मी तिच्या कानात काय बोलले ते मी तुला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. चपला काढायच्या आधी मी वाकून म्हटलं होतं, "आई, ऐकतेस ना? आत कुणीही विचारलं तरी मला ओळखायचं नाही. पैसे भरेपर्यंत कुणालाच सांगायचं नाही. कळलं?" तिचं अर्धं तोंड वाकडं झालेलं होतं. तिनं डोळे मिटून उघडले. हो म्हणायची तिची तीच खूण होती.

ताई, ती विसरलेली नाही गं. ती सांगितलेलं पाळते आहे. वॉर्डात पाळलं, शेजारणीसमोर पाळलं, तुझ्याकडे फोटोसमोर बसून रोज पाळते आहे. तो कागद तिनं चष्म्याच्या डबीत का लपवला असेल, तूच सांग. माझी चोरी सापडू नये म्हणून. सगळे शब्द हरवलेली बाई एक एक शब्द कष्टानं परत मिळवते आहे आणि माझ्या वाटचा शब्द आला की गिळते आहे. आणि आता पुरे, असं तिला सांगायला कुणी गेलंच नाही. कारण बिल मी भरलेलं नाही. पहिल्या पत्रात तेही खोटंच लिहिलं होतं.

मला येऊ देशील का? तू सांगितलंस तर तिचा विश्वास बसणार नाही. हे मलाच सांगायला हवं.

धाकटी


९ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "रविवारी अकराला ये. मी घरात असेन. बोलणार नाही." पुरे आहे. याहून जास्त मागायला मला तोंड नाही.

यायच्या आधी एक काम उरकायचं होतं, ते आज केलं. त्या रुग्णालयात गेले. काचेपलीकडे तीच मुलगी होती. म्हटलं, जानेवारीतल्या एका फाइलचे पैसे भरायचे आहेत. तिनं शोधलं. म्हणाली, "ही तर अनोळखी रुग्णाची आहे, धर्मादाय निधीतून मिटवली आहे. याचे पैसे कुणी भरत नाही."

"मला भरायचे आहेत. एकदम नाही जमायचं, हप्त्यानं."

"मग नाव लागेल. पेशंटचं नाव?"

मी आईचं पूर्ण नाव सांगितलं. त्या इमारतीत ते पहिल्यांदाच कुणी उच्चारलं.

"तुमचं नातं?"

बारा वर्षांत मी हा प्रश्न किती हजार वेळा विचारला असेल, आणि लोक उत्तर द्यायला इतका वेळ का लावतात म्हणून किती वेळा वैतागले असेन. मागून कुणीतरी च्यक केलं. मुलगी म्हणाली, "बाई, मागे रांग आहे. नातं बोला."

"मुलगी."

तिनं स्क्रीनवरून नजर उचलली. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. पण ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली, आणि पावती भोकातून सरकवायच्या ऐवजी बाजूचं दार उघडून हातात दिली. मला त्यापेक्षा तिनं रांगेसमोर चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

परत येताना गवंड्याची आठवण येत होती. त्याचा पत्ता आमच्या जुन्या फाइलमध्ये असेल. जायचं आहे. अजून धीर होत नाही.

धाकटी


१४ ऑक्टोबर

ताई,

काल निघताना दारात तू माझ्या हातात डबा दिलास आणि मी तो पिशवीत ठेवला. खोलीत काय झालं ते तिथे सांगता आलं नाही. तू स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून भांडी घासत होतीस, म्हणजे तुला काही ऐकू येऊ नये. तेव्हा हे लिहिते आहे.

आई खिडकीजवळ खुर्चीत होती. तू तिचे केस किती छान विंचरतेस. मी समोर गेले तर तिनं आधी माझ्यामागे दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

मी खाली बसले, तिच्या पायाशी. म्हटलं, "आई, आता ओळखलंस तरी चालेल."

पुन्हा मान हलवली. आणि उजवा हात, जो तिला आता जरा उचलता येतो, तो हळूहळू वर आणून तिनं माझ्या तोंडावर ठेवला. गप्प बस, म्हणून. मग ओठ जुळवायला लागली. मला वाटलं, बाई म्हणते आहे. तिचा चेहरा लाल झाला, मानेची शीर वर आली. शेवटी म्हणाली, "पै... पैसे?"

मी पर्समधून पावती काढली. तिला चष्मा लावला. पहिला हप्ता आहे, आई, अजून नऊ आहेत, पण नाव घालून भरलाय, तुझं आणि माझं, इथे बघ. तिनं बोट ठेवून वाचलं. वाचता येतं तिला, ताई, हे त्या शिकवणाऱ्या बाईंना सांग. नात्याच्या रकान्यापाशी बोट बराच वेळ थांबलं. मग तिनं चौघडी घातली आणि पावती चष्म्याच्या डबीत, फडक्याखाली ठेवून दिली. ती तिथेच राहू दे.

मी माफी मागायला म्हणून तोंड उघडलं. घरून पाठ करून आले होते. एक वाक्यही धड आलं नाही, नुसती रडत राहिले, तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

तुला आठवतं, मी कामावरून पाच मिनिटं उशिरा आले तरी ती दारातच काय म्हणायची? बारा वर्षं रोज तेच. मला त्याचा वैताग यायचा.

तिनं माझ्या केसांत हात घातला आणि म्हणाली, अगदी अडखळत, पण स्पष्ट:

"घुबडे. किती उशीर."

मी म्हटलं, "हो आई, झाला खरा." तेवढ्यात आत नळ बंद झाला.

नव्या चपला तिच्या खाटेखाली ठेवल्या आहेत. डाव्या पायाला सूज आहे, त्यामुळे घट्ट होतात. माप कागदावर आखून पाठव, मी बदलून आणते.

घुबड